वाबाशकाठचं कांडण

ही गोष्ट खरी आहे. माझ्या आजीच्या घरात घडली आणि मी ती तिच्याच तोंडून ऐकली. माझी ही आजी, पर्मिलिया टॅरंट, खोटं बोलण्याइतके कष्ट कधी घेत नसे.

साल १८१७, जानेवारी. अमेरिकेतल्या वाबाश नदीकाठचं टॅरंटांचं ओंडक्यांचं घर. दुपार कलली होती.

त्या सकाळीच तिने नवऱ्याला पुरलं होतं. एब्नर तापाने गेला. जमीन इतकी गोठलेली की शेजाऱ्यांनी आधी तिच्यावर जाळ केला, मग खणली.

शेजारी आपापल्या घरी गेले. मागे उरली पर्मिलिया, तिची पोरं ऑरिन आणि झिल्फा, आणि सासरे.

सासरे म्हणजे कॅप्टन होझिया टॅरंट. घरातलेही त्यांना कॅप्टनच म्हणत. वस्तीतल्या स्वयंसेवकांची तुकडी घेऊन ते एका हिवाळ्यात नदीपलीकडे गेले होते, तिथल्या मूळ रहिवासी मायामी लोकांच्या गावावर. मक्याची कोठारं जाळून परतले. कवायतीच्या दिवशी माणसं तो किस्सा ऐकायला गोळा होत.

"गावात चिटपाखरू नव्हतं!" मांडीवर थाप मारून ते सांगत. "नुसता मका!"

यंदा पुरात त्यांचाच मका कुजला होता. पिंप रिकामं. पोरं रडत होती... बापासाठी की भुकेने, ते त्यांनाही कळत नव्हतं.

पर्मिलियाला काहीच वाटत नव्हतं. ती चुलीसमोर नुसती बसून होती.

आणि तेव्हा...

धप्.

जरा थांबून, पुन्हा धप्.

अंगणात बुंधा कोरून केलेलं उखळ होतं. आवाज तिकडूनच येत होता. मुसळ मात्र घरात, दाराआड उभं होतं.

"कोण कांडतंय गं, आई?" ऑरिनने विचारलं.

"वारा असेल."

वारा नव्हता. माणसाची चाहूल लागली की अंगावर जाणारा त्यांचा कुत्रा दाराशी उभा होता... आणि शेपूट हलवत होता.

कॅप्टनचा चेहरा राखेसारखा झाला.

"होती ती," ते पुटपुटले.

"कोण?"

"म्हातारी. सगळे पळाले, ती राहिली. मका कांडत होती. मान वर केली नाही तिने, पोरी. मी समोर बंदूक घेऊन उभा, आणि ही कांडतेय!"

"मग?"

"तिच्या उखळातलासुद्धा घेतला. तोही टाकला आगीत."

धप्... धप्...

"मग ती काय करत राहिली, कॅप्टन?"

"कांडतच राहिली. रिकाम्या उखळात."

ते उठले. कोट न घालता दार उघडून बाहेर गेले. आवाज थांबला. पर्मिलियाने दारातून पाहिलं. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. बर्फावर उखळाकडे गेलेली फक्त कॅप्टनची पावलं होती. ते उखळाशी उभे होते, ओंजळ पुढे केलेली. कुणीतरी काही वाढत असल्यासारखी.

मग त्यांनी ओंजळ तोंडाला लावली.

आत आले तेव्हा ओठांना पीठ लागलं होतं.

"गरम आहे," एवढंच म्हणाले.

त्यानंतर कॅप्टन चार वर्षं जगले. पण ना कवायतीला गेले, ना कुणाशी एक शब्द बोलले.

आजी इथे नेहमी थांबायची. एकदा मी विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"पोरं उपाशी होती," ती म्हणाली. "मी परात घेऊन बाहेर गेले."

उखळ काठोकाठ भरलं होतं. तिने भाकरी थापल्या. पोरं पोटभर जेवली आणि रडायची थांबली.

पुढे कधीच रडली नाहीत.

ऑरिनही आजोबांसारखा स्वयंसेवकांचा कॅप्टन झाला. स्वतः जाळलेल्या गावांतून जेवणाच्या ताटावरून उठल्यासारखा परत यायचा. एके दिवशी त्याचं प्रेत फळीवर घालून आणलं. बहिणीने, म्हणजे झिल्फाने, त्याचं अंग पुसलं, चादर ओढली आणि पीठ मळायला बसली.

झिल्फा माझी आई.

गेल्या महिन्यात मी माझ्या धाकट्या लेकीला पुरलं. सगळी वस्ती रडत होती.

माझे डोळे, आईसारखेच, अजून कोरडे आहेत... मी रडू येण्याची वाट पाहतेय.