घाटघरची ओळख

लग्न झाल्यापासून आम्ही पैसे देऊन कुठे मुक्काम केलेला नाही. नारायणगावात आमचं हिरड्याच्या खरेदीचं दुकान आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातली माणसं पोती घेऊन येतात आणि माल काट्यावर असताना यांच्या, म्हणजे पोपटलालजींच्या, चौकशा चालू असतात. कुणाचा मेहुणा अलिबागेला, कुणाची नणंद नाशकात. मे महिना आला की त्यातली एखादी ओळख कामाला येते. भीमाशंकरचं जंगल पाहायला गेलो तेव्हा शिनोलीच्या एका मास्तरांच्या पडवीत झोपलो होतो. बदल्यात आमचंही दार उघडं. द्राक्षांच्या दिवसांत तर आमच्याकडे ओळखीच्यांचे ओळखीचे उतरतात. यांचा एकच हुकूम, आलेल्याला नाही म्हणायचं नाही. मुलांची सुट्टी त्याच्यावरच चालते, हे मलाही कळतं.

आम्ही जैन; माझे नियम साधे आहेत. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. घरात सगळेच ते पाळतात, धाकटी सिद्धीसुद्धा. पाणी गाळून उकळलेलंच. आणि न दिलेलं काही घ्यायचं नाही. म्हणून परक्या जागेत पाऊल टाकताना मी हळूच म्हणते, "अणुजाणह जस्सुग्गहो." ज्याची ही जागा आहे, त्यानं परवानगी द्यावी. निघताना तीनदा "वोसिरे" म्हणायचं, म्हणजे जागा सोडली, तिच्यावर आपलं काही राहिलं नाही. हे मला सासूबाईंनी, झमकूबाईंनी शिकवलं.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात घाटघरचा हौशीराम पोती घेऊन आला होता.

"शेठ, औंदा आमच्याकडं या की राव. चुलत्याचं घर मोकळंच पडलंय."

"किल्ली कोणाकडे?"

"किल्ली कशाची? नुसती कडी हाय. पान्याचं तेवढं बघा. मे म्हयन्यात आमचे लई हाल."

यांनी खूश होऊन त्याला चहा पाजला.

जुन्नरहून एसटीनं घाटघरला उतरलो. घर वस्तीपासून जरा बाजूला, मागे जीवधनचा कडा. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर कौलं. यांनी दार ढकललं, तर हलेना. कडी आतून लागली होती. मागचं दार आहे का, ते बघायला हे वळसा घालून गेले. सासूबाई ट्रंकेवर टेकल्या. मी सवयीनं उंबऱ्याशी वाकले आणि परवानगी मागितली.

आतून कडी पडल्याचा आवाज आला.

"गंजलेली असणार," हे परत येऊन म्हणाले. मागे दार नव्हतंच.

आत कोणी नव्हतं. जमीन ताजी सारवलेली, अजून ओलसर. कोपऱ्यात तांब्याचा हंडा काठोकाठ भरलेला, वर झाकण. दूध घेऊन हौशीराम आला तेव्हा मी त्याला विचारलं, "पाणी तुम्ही भरलंत?"

"न्हाई वैनी. विहिरीला तळ दिसतोय."

"मग कोणी भरलं?"

"आसंल कुनीतरी," तो म्हणाला. दूध त्यानं उंबऱ्याबाहेरूनच दिलं.

रोज सकाळी हंडा भरलेला असे. खरं सांगते, भीती वाटली नाही. कुतूहल वाटलं. मी परवानगी मागायची, मग पाणी घ्यायची, गाळून उकळायची. एका सकाळी मुद्दाम न मागता झाकणाला हात घातला. हलकं पितळेचं झाकण, पण जागचं हललं नाही. हळूच शब्द म्हटले आणि ते एका बोटानं उचललं गेलं. मी हे कुणाला बोलले नाही.

निघायच्या दिवशी एसटी वळणावर उभी राहून हॉर्न देत होती. मी उंबऱ्याशी हात जोडून थांबले.

"काय करतेस?" यांनी विचारलं.

"जागा सोडते."

"सोडतेस कशाला? पुढच्या वर्षी परत यायचंय. असली थंड हवा, तीही फुकटात, कुठे मिळणार? ओळख धरून ठेवावी."

सासूबाई हसल्या. "याला मोक्षसुद्धा ओळखीनंच हवाय."

मीही हसले. 'वोसिरे' तोंडातच राहिलं. चालू लागलो तेव्हा मागे कडी लागली. आतून.

द्राक्षं सुरू झाली तसे आमच्याकडे पाहुण्यांचे दिवस आले. एक दिवस आम्ही सूर्य असतानाच जेवायला बसलो होतो. हायवेवर टोमॅटोच्या गाड्यांचे हॉर्न चालू होते. सिद्धीचा घास हातातच थांबला.

"आई, बाहेर कोणीतरी तुझं म्हणतंय."

"माझं काय?"

"तू दुसऱ्यांच्या दारात म्हणतेस ना, ते."

मी दाराशी गेले. बंद दारापलीकडून शब्द आले. अगदी हळू, जपून. 'जस्सुग्गहो' म्हणताना मी मध्ये किंचित अडखळते. तेही तिथेच अडखळलं.

आवाज माझाच होता.

मी दार उघडलं. पायरीवर कोणी नव्हतं. उतरतं ऊन, आणि ताज्या सारवणाचा वास. आमच्याकडे फरशी आहे.

"कोण आहे गं?" आतून यांनी विचारलं. "पाहुणे असतील तर बाहेर काय उभं करतेस?"

नाही म्हणता आलं असतं. घरात लहान मूल, म्हाताऱ्या सासूबाई. दार लावून घ्यायचं, एवढंच. माझा हात दारावर होता.

पुन्हा तेच शब्द आले. न विचारता आत पाऊल टाकायचं नाही, ही रीत ते माझ्याकडूनच शिकलं होतं. आणि त्याच्या घरात मी विचारलं, तेव्हा त्यानं कडी काढली होती.

मी बाजूला झाले.

"या," म्हटलं.

दाराचा पडदा जरासा हलला.

सिद्धीनं आपलं ताट सरकवून शेजारी जागा केली. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मग उन्हाळ्याच्या तोंडाशी हौशीराम हिरडा घेऊन आला. हे मे महिन्याचं ठरवायला लागले, तर तो पोत्याचं तोंड बांधत राहिला.

"या की. पर आता ते नुसतं घर हाय, शेठ. हंडा कोरडाच आस्तोय."

मी गल्ल्यामागून विचारलं, "आधी कोण भरायचं, भाऊ?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तुमी दारात इचारलं आसंलच ना वैनी? त्याबिगर ती कडी निघत न्हाई. मंग हो कोन म्हनलं?"

जाताना त्यानं दुकानाच्या मागे, आमच्या घराच्या दाराकडे पाहून हात जोडले.

आम्ही घाटघरला पुन्हा गेलो नाही. घरात त्रास म्हणाल तर काही नाही. सिद्धी चांगली शिकते आहे. सासूबाई म्हणतात, एवढी शांत झोप आयुष्यात लागली नव्हती. मी मात्र कान देऊन असते. निघताना तीनदा काय म्हणायचं, ते माझ्याकडून त्यानं कधी ऐकलंच नाही.

उकळलेल्या पाण्याचा हंडा मी सूर्य मावळायच्या आत झाकते. सकाळी पाणी थोडं उतरलेलं असतं, आणि झाकणावर एक फुलपात्र धुऊन पालथं घातलेलं. आमच्या घरात रात्री पाणी कोणी पीत नाही.

या संक्रांतीपासून फुलपात्रं दोन असतात.