पाठीवरचं ओझं

वजनकाटे तपासणं हे माझं काम. दुकानातले, गोदामातले, दवाखान्यातले काटे खरं बोलतात की नाही ते बघायचं, आणि खोटं बोलत असतील तर सील करून बंद पाडायचे. नणंद म्हणते, "वहिनीला मिठी मारायची सोय नाही, लगेच किलोत सांगते." हे आधीच सांगते, म्हणजे पुढे वजनाच्या बाबतीत माझीच काहीतरी गफलत झाली असेल असं कुणी म्हणायला नको.

डोंगराच्या धारेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, वाटेतल्या दगडी खोल्यांमधून मुक्काम करायचा, हा बेत खरं तर आम्हा दोघींचा होता. निघायच्या आठवड्यात नणंद बाथरूममध्ये घसरली आणि तिचं मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं. नवरा म्हणाला, "आता रद्द कर." तर तीच त्याच्यावर डाफरली. "दादा, जाऊ दे वहिनीला. पोरीकडे मी बघते, तेवढ्याला एक हात पुरतो."

मी गेले. तंबू, चूल, दोरी, दोघींत वाटून घ्यायचं सगळं एकटीच्या पाठीवर आलं. सॅक चौदा किलोंची झाली. निघण्याआधी मी ती ताणकाट्याला लटकवून बघितली होती. तो छोटा काटा कामामुळे कायम माझ्याबरोबर असतो.

पहिला दिवस छान गेला. झाडं मागे पडली, मग गवत, मग नुसता दगड आणि वारा. धार कुठे बैलगाडी जाईल एवढी रुंद, तर कुठे दोन पावलं शेजारी मावणार नाहीत एवढी अरुंद. खांदे भरून आले होते, पण ऑफिसातल्या खुर्चीत अवघडण्यापेक्षा हे बरं, असं म्हणत मी झोपले.

दुसऱ्या दिवशी खिंडीनंतर सुट्या दगडांचा उभा चढ लागला. मान खाली घालून मी एकेक पाऊल टाकत होते. अर्ध्यावर आल्यावर जाणवलं की खांद्यांवरचे पट्टे सैल पडलेत. सॅक तळातून कुणीतरी तळहातांवर तोलून धरावी, तसा भार कमी झाला होता. लहानपणी चढावर वडील माझं दप्तर मागून असंच उचलून धरायचे. मला कळू नये म्हणून हळूच.

मी थांबले. पट्टे आवळले. वजन परत आलं. चालायला लागले, पुन्हा हलकं.

मागे पाहिलं. उतार रिकामा होता. माझ्याच पायांनी सुटलेले दोन-चार दगड अजून घरंगळत होते.

घाबरले नाही, एवढं खरं. थकव्यात शरीर काय वाटेल ते सांगतं, आणि फुकटात ओझं हलकं होत असेल तर तक्रार कुणी करायची? संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर मात्र मी दारावरच्या लोखंडी कडीला काटा अडकवला आणि त्याला सॅक टांगली. जेवढं खाल्लं तेवढंच कमी भरलं. काटा बरोबर होता.

या खोलीला राखणदार होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा. सॅक आत घ्यायला त्याने तळाखाली हात घातला आणि लगेच काढून घेतला.

"ही कशावर ठेवली होती?"

"कशावरच नाही. दिवसभर पाठीवर होती."

तळाच्या कापडावर दोन ओले डाग होते. शेजारी शेजारी, पसरट. दिवसभर ऊन होतं आणि पाण्याची बाटली वरच्या कप्प्यात होती. राखणदाराने हात पँटला पुसला. पुन्हा पुसला.

"उद्या धुकं असणार," तो म्हणाला. "एकट्याच जाणार?"

"दुसरं कोण आहे?"

त्याने चहा पुढे केला आणि चुलीकडे वळला. मी विचारलं, "धुक्यात वाट चुकण्यासारखी आहे का?"

"तुम्ही नाही चुकणार," तो म्हणाला. बघत मात्र होता सॅककडे.

धुकं त्याने सांगितल्यासारखंच आलं, आणि तेही धारेच्या सगळ्यात अरुंद भागावर. आधी समोरचं शिखर गेलं, मग दोन्ही बाजूंचे उतार, मग माझे बूट. कानात वारा होता तोही पडला. मी काठी टेकवत, चाचपत पुढे सरकत होते. पाठीवर जवळजवळ काहीच नव्हतं. सॅक असून नसल्यासारखी. खरं सांगते, मला त्याची सवय झाली होती. त्या पांढऱ्या अंधारात तेवढाच एक आधार वाटत होता.

मी पाऊल उचललं.

आणि सॅक जड झाली.

चौदा किलो नाही. माझ्या खात्यातले कुठलेही काटे मोजणार नाहीत इतकी जड. पट्टे खांद्यात रुतले, छातीतली हवा निघून गेली आणि मी मागच्या मागे दगडावर बसले. उठायचा प्रयत्न केला. उठू देईना.

"सोड," मी म्हणाले. कुणाला, ते माहीत नाही.

कुणी सोडलं नाही.

किती वेळ तशी बसून होते कोण जाणे. मग वाऱ्याची एक झुळूक आली आणि समोरचं धुकं फाटलं.

माझ्या बुटाच्या टोकापुढे वाट नव्हती. धारेचा लचका तुटून खाली गेला होता. तुटलेली माती अजून ओली, ताजी होती आणि तिच्यातून गवताची मुळं हवेत लोंबत होती. खाली तळ दिसत नव्हता.

पाठीवरचा भार हळूहळू उतरला, चौदा किलोंच्याही आत आला, आणि तिथे थांबला.

मी आधी रडले, मग हसले, मग दगडाला पाठ टेकून दोन्ही एकदमच केलं. पोरीचा चेहरा सारखा डोळ्यांपुढे येत होता. उठण्याआधी मी मोठ्याने म्हणाले, "उपकार झाले." वेड्यासारखं वाटलं, पण म्हटलं.

तुटलेला भाग वळसा घालून टाळला आणि बाजूच्या सोंडेने खाली उतरले. उतरताना सॅकचं वजन होतं तेवढंच होतं. गुडघे बोलत होते, खांदे ठणकत होते, आणि ते ठणकणं मला गोड लागत होतं. जे काही होतं ते वरच राहिलं, असं मनाशी पक्कं झालं. रस्त्याला लागल्यावर नवऱ्याला फोन केला.

"आवाज असा का येतोय?" त्याने विचारलं.

"काही नाही रे. सॅक फार जड आहे."

"सांगत होतो तुला."

मला इतकं हसू आलं की शेजारी बसची वाट बघणाऱ्या बाई जरा लांब सरकल्या.

घरी येऊन सगळं सांगितलं ते फक्त नणंदेला. तिने मधे एकदाही थट्टा केली नाही. शेवटी म्हणाली, "कोण का असेना वहिनी, त्याचं भलं होवो. तुम्ही आलात ना." मला तेवढं पुरेसं होतं. मी जेवले, अंघोळी केल्या, कामावर गेले. रात्रीची झोप गाढ लागत होती.

पुढच्या आठवड्यात आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. दुपारी मुलीला शाळेतून आणलं, तर ती जिन्यापाशीच बसली. "पाय दुखतात. पाठुंगळी घे." तिचं वय आता पाठुंगळीचं नाही आणि वजनही नाही. पण घेतली. तिने गळ्याला हात घातले, गाल माझ्या खांद्यावर टेकला. पहिला मजला धापा टाकत चढले. दुसऱ्या मजल्याला दम लागेनासा झाला.

"आई," ती पेंगुळल्या आवाजात म्हणाली, "खालून एवढं घट्ट नको ना धरू."

माझा एक हात कठड्यावर होता. दुसऱ्या हातात तिचं दप्तर होतं.