दगडाचा कापूस

चिनूला कानाशी केलेली कुजबुज ऐकू यायची, पण भोंग्यावरची खणखणीत घोषणा मात्र कळायची नाही. असं कसं होतं, या कोड्यानं त्याच्या ताईची, म्हणजे जुईची, झोप उडाली होती.

चिनू तांडेल आठ वर्षांचा. जन्मापासून त्याला कमी ऐकू येई, म्हणून दोन्ही कानांत वाटाण्याएवढी श्रवणयंत्रं (आवाज मोठा करून कानात सोडणारी उपकरणं) असत. ती लावली की गडी एकदम तयार. आईनं खाऊचा डबा उघडला की त्याला पलीकडच्या खोलीत कळे. वर्गात कोण काय खुसफुसतंय याच्या बातम्याही तोच जुईला पुरवी. पण मोठ्या दालनात पाऊल टाकलं की सगळं बिघडायचं.

हे दालन होतं चंद्रावर. फार पूर्वी लाव्हा वाहून गेल्यावर चंद्राच्या पोटात एक लांबलचक बोगदा उरला होता. त्यात माणसांनी वस्ती कोरली आणि तिला नाव दिलं नवं वेरूळ. जुईची आई तिथल्या भाजीच्या मळ्यात काम करी. दर सोमवारी सकाळी दालनात गळतीचा सराव असे. चंद्रावर बाहेर हवा नाही. भिंतीला चीर गेली तर आतली हवा बाहेर धावणार, धुकं दाटणार, दिवे दिसेनासे होणार. वीज गेली तर श्रवणयंत्रात थेट संदेश पाठवायची सोयही बंद. उरणार फक्त बॅटरीवरचे भोंगे. ते चारपैकी ज्या दाराचा क्रमांक सांगतील, त्या दारानं नव्वद सेकंदांत बाहेर पडायचं. म्हणून सरावात दालनभर वाफ सोडत आणि मग घोषणा करत.

नियम कडक होता. तीनदा चुकीच्या दारी गेलेल्या माणसाला पुढच्या यानानं पृथ्वीवर परत पाठवत. चिनू दोनदा चुकला होता. आईचा करार अजून दोन वर्षांचा होता, म्हणजे तिसऱ्यांदा चुकला तर चिनूनं एकट्यानं अलिबागला मामाकडे जायचं. सोमवारला सहा दिवस उरले होते. 

आधी तिनं यंत्रांवर संशय घेतला. डॉक्टरांनी ती तपासली आणि ठणठणीत असल्याचं सांगितलं. वस्तीप्रमुख थोरात भला माणूस. त्यांनी भोंग्यांचा आवाज दुप्पट केला आणि वर आणखी दोन भोंगे बसवले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! नव्या भोंग्यांची चाचणी सुरू होताच चिनू कान दाबून मटकन खाली बसला.  रात्री झोपताना त्यानं हळूच विचारलं, मामाकडे रात्री दिवा चालू ठेवतात का. 

दुसऱ्या दिवशी ती सोनटक्के आजींच्या भट्टीवर गेली. आजी सोलापूरच्या. उमेदीची वर्षं कापडगिरणीच्या प्रयोगशाळेत काढून साठीनंतर त्या चंद्रावर आल्या होत्या, दगड वितळवून त्याचे दोर काढायला. जुईचं सगळं ऐकून घेऊन त्या तडक दालनाकडे निघाल्या. दालन रिकामं होतं. भिंती इतक्या गुळगुळीत घासलेल्या, की तोंड दिसावं. आजींनी मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली आणि जुईला घड्याळ पाहायला सांगितलं. टाळीचा आवाज पुरता विरायला साडेचार सेकंद लागले.

आजींनी मग एकेक पायरी करून तिला समजावलं. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती चहूबाजूंनी पसरते. कडक, गुळगुळीत भिंतीवर आपटली की जवळजवळ जशीच्या तशी मागे फिरते, समोरच्या भिंतीवर आपटते, छताला लागते, पुन्हा येते. दर आपटीला जरासाच आवाज कमी होतो. या घुमत राहण्याला निनाद (मूळ आवाज थांबल्यावरही खोलीत रेंगाळणारा आवाज) म्हणतात. भोंगा 'दार' म्हणतो. ते 'दार' विरायच्या आत 'क्रमांक' येतो, आणि दोघांच्या अंगावर येऊन पडतो तो आकडा. चांगल्या कानांना या गर्दीतून सरळ आलेला आवाज थोडाफार निवडता येतो. श्रवणयंत्र मात्र सरळ आलेला आणि फिरून आलेला, दोन्ही आवाज सारखेच मोठे करतं.

"आणि भोंगा मोठा केला की निनादही तेवढाच मोठा होतो," जुई हळूहळू म्हणाली.

"बरोबर. चिनूचे कान नाही बिघडले गं," आजी म्हणाल्या. "ही खोलीच बहिरी करालीय सगळ्यांना."

भट्टीवर परतल्यावर आजींनी जुईला हातमोजे घालायला दिले आणि तिच्या हातात राखाडी, मऊ असं काहीतरी ठेवलं. तो दगड होता! बेसाल्ट (थिजलेल्या लाव्हाचा खडक), सह्याद्रीत असतो तोच. जत्रेत साखरेचा कापूस काढतात, तसाच वितळलेला दगड गरगर फिरवून त्याचे केसाहून बारीक तंतू काढलेले होते. आजींनी तो पुंजका जुईच्या कानाशी धरला, तशी त्या बाजूची भट्टीची घरघर दबली. ही वस्तू सच्छिद्र (बारीक पोकळ्यांनी भरलेली) असते, आजींनी सांगितलं. थरथरती हवा त्या पोकळ्यांत शिरते, तंतूंना घासते, आणि घासता घासता तिचा जोर संपतो. हात चोळले की जशी ऊब येते, तसा आवाज ऊब होऊन जातो. ती ऊब इतकी थोडी की कुणाला जाणवायचीही नाही. याला ध्वनिशोषण (आवाज पिऊन टाकणं) म्हणतात. शिवाय दगडच तो, जळायची भीती नाही.

पण नव्या वेरुळात सच्छिद्र वस्तूंना बंदी होती. चंद्रावरची धूळ काचेच्या चुऱ्यासारखी बोचरी, कपड्यात शिरली की निघत नाही आणि फुप्फुसात गेली तर घात. म्हणून वस्तीत पडदा नाही, गालिचा नाही, उशीसुद्धा प्लास्टिकची. तीनशे माणसं दिवसातून चारदा भिंती पुसत आणि त्या गुळगुळीतपणाचा त्यांना केवढा अभिमान. आजींनी जुईला घेऊन थोरातांना गाठलं आणि तंतूंच्या गाद्यांवर पातळ झिल्ली चढवायचं सुचवलं, आवाज आरपार जाईल पण धूळ जाणार नाही इतकी पातळ. थोरातांनी तरीही नकारार्थी मान हलवली. एका मुलासाठी साऱ्या वस्तीचा नियम कसा बदलायचा, बाकी सगळ्यांना तर नीट ऐकू येतं.

जुईचे कान तापले. आता सांगितलं नाही तर चिनू जाणार, हे तिला कळत होतं.

"थोरातकाका, मला पण घोषणा कळत नाही," ती म्हणाली. "मी पुढच्याची पाठ धरून पळते. चिनूला आपणच शिकवलं ना, कुणाच्या मागे जायचं नाही, ऐकायचं आणि जायचं. तो तसंच करतो. म्हणून तो एकटाच चुकतो."

 थोरात मग स्वतः एकटे दालनात जाऊन उभे राहिले. वाफ सोडली गेली. आजींनी घोषणा केली: दार क्रमांक तीन. जुई तिसऱ्या दारापाशी थांबली. नव्वद सेकंद संपत आले तेव्हा थोरात बाहेर पडले, पहिल्या दारानं.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. सरावात सगळ्यांच्या पुढे दारांवरचे रक्षक धावत आणि त्यांना क्रमांक आदल्या दिवशीच कळवलेला असे. तीनशे माणसं त्या चार जणांच्या मागून पळत होती. खरी गळती झाली असती तर रक्षकांना आधी कोण सांगणार होतं?

परत पाठवण्याचा नियम पृथ्वीवरून आलेला होता, तो मोडणं थोरातांच्या हातात नव्हतं. सोमवारचा सराव होणारच होता, आणि या वेळी रक्षकांनाही क्रमांक कळणार नव्हता. दालन बदलण्याची परवानगी मात्र त्यांनी जागच्या जागी दिली आणि दोन जादा भोंगेही काढायला लावले.

भट्टी अखंड चालू राहिली. जुई आणि आई गाद्या उचलून नेत. घाईघाईत त्यांनी त्या थेट दगडी भिंतीवर चिकटवल्या. शनिवारी आजींनी टाळी वाजवली, तर वरच्या पट्टीचा कर्कश आवाज गेला होता, पण खालचा जाडाभरडा घुमारा तसाच होता. बोलणारा माणूस रांजणात बसून बोलतोय असं वाटे. आईनं डोक्याला हात लावला. एकच दिवस उरला होता आणि गाद्या निम्म्या भिंतींनाच पुरणार होत्या.

आजींनी मात्र चूक लगेच ओळखली. भिंतीला अगदी लागून असलेली हवा हलू शकत नाही, भिंत तिला अडवते. हललीच नाही तर तंतूंना घासणार कशी? भिंतीपासून जरा दूर ती मोकळी हलते. म्हणून गाद्या भिंतीपासून वीतभर पुढे टांगायच्या. आणि दालनभर लावायचीही गरज नाही. आधी छत आणि भोंग्यांसमोरची भिंत, कारण पहिला मार तिथेच बसतो. रविवारी मळ्यातल्या कामगारांची आख्खी पाळी मदतीला आली. रात्री शेवटची टाळी सव्वा सेकंदात विरली. आजी समाधानानं हसल्या, जुईला मात्र हसू येईना. टाळी वेगळी आणि चिनू वेगळा.

सोमवारी वाफ सुटली आणि हाताचा पंजाही दिसेना. घोषणा झाली. जुईनं आयुष्यात पहिल्यांदा ती नीट ऐकली: दार क्रमांक चार. ती चौथ्या दारातून बाहेर आली आणि वळून उभी राहिली. घड्याळात पन्नास सेकंद झाले. माणसं बाहेर येत होती. साठ झाले, आई आली. सत्तर. मग बराच वेळ कुणीच नाही. जुईनं बाकीच्या दारांकडे बघायचं टाळलं. ऐंशी.

वाफेतून एक हात पुढे आला, मग चिनू. कुणाचा हात न धरता, कुणाच्या मागे न चालता तो सरळ जुईपाशी आला.

"ताई," तो म्हणाला, "आज भोंग्यातला माणूस एकदाच बोलला."

 आईनं त्याला उचलून घेतलं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलं नाही. थोरात नोंदवहीत खूण करत होते. पुढचं दालन कोरायच्या आधी आजींचा सल्ला घ्यायचा, असं ते सोबत्याला सांगत होते. चिनू आईच्या खांद्यावरून त्यांच्याकडे बघत होता.

"थोरातकाका," त्यानं विचारलं, "पुढच्या सोमवारी घोषणा मी करू?"