येते म्हणून गेलेली

"बाई, आपण कोणाकडे आलात?" भालचंद्र रेगे यांनी आपल्या सख्ख्या मुलीला विचारलं. रोज सकाळी विचारायचे.

"तुमच्याकडेच आलेय, काका," असं म्हणून हेमांगीने चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि व्हरांड्यात येऊन डोळे पुसले. चाळिशी उलटलेली बाई, पन्हाळा रस्त्यावरच्या या उपकरण-जतन केंद्रातली वरिष्ठ अभियंता, हाताखाली आठ-दहा माणसं, आणि बापाला काका म्हणायची पाळी! कुणालाही रडू येईल.

आतून बाबांचा आवाज आला. "कुमुद, अगं, आज हेमाची चित्रकलेची परीक्षा ना? डबा दिलास का?" मग जरा शांतता. मग समाधानाने, "हां, मग झालं तर."

कुमुद म्हणजे हेमांगीची आई. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं.

रेगे केंद्रातच मुक्कामाला होते, आणि तिथे याचं कुणाला नवल वाटत नसे. रेगे ऐन तिशीत पक्षाघाताने आडवे झाले, आणि उठले तेव्हा त्यांना कालचं आज आठवेना. कुमुदबाई स्वतः अभियंता. रडत बसण्याचा त्यांचा पिंडच नव्हता. त्यांनी स्मृतिसेतू बनवला आणि नवऱ्याच्या कवटीत बसवून घेतला. पण आलेली आठवण खरी की मनाने रचलेली, हे यंत्राला कसं कळावं? बाईंनी सेतूचा दुसरा अर्धा भाग आपल्या डोक्यात बसवला. नवऱ्याला काही आठवलं की सेतू गुपचूप बायकोला विचारायचा. तिने हो म्हटलं की आठवण पक्की व्हायची, नाही म्हटलं की पुसली जायची. संसारात असंच तर चालतं, असं त्या हसून सांगत. पुढे असे जोडसेतू आणखी काही जोडप्यांनी बसवून घेतले. आता त्यातले थोडेच उरले होते.

सेतू चालवणारी आज्ञावली, म्हणजे त्याचा चालक, हाडात कायमचा मोहोरबंद होता. तो बदलायची सोय नव्हती. बाहेरचं जग मात्र बदललं. इस्पितळांतून नवी कार्यप्रणाली आली आणि तिने या म्हाताऱ्या चालकाला दारातच उभं केलं. म्हणून केंद्राने दोघांच्या मध्ये एक दुभाष्या बसवला. त्याचं नाव जुळणी-थर.

कुमुदबाई गेल्या तेव्हा खरं तर हा चालक बंद पडायला हवा होता. जोडीदाराशिवाय तो चालतच नाही. पण तो चालू राहिला. बाबांना आईची उत्तरं येतच राहिली. का, हे कुणाला नीट कळलं नव्हतं, आणि कुणी खोलात शिरलंही नाही. चालतंय ना, मग हात लावू नका, हा या धंद्यातला पहिला नियम.

"सर, सेतूची तारीख तरी पुढे घ्या हो!" हेमांगी तणतणतच मुजावरांच्या खोलीत शिरली. "त्यांच्या डोक्यात मी अजून पाचवीत आहे."

सादिक मुजावर केंद्राचे प्रमुख. मूळचे कागलचे, बोलायला मोकळे. जुळणी-थर त्यांच्याच देखरेखीखाली उभा राहिला होता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"घेतो की. मग चालक म्हणतोय, माझी मुदत सरली, आणि पाय पसरतोय. जमंल का? रेगेबाई, जुन्या चालकाला जगवायचं तर त्याच्याशी खोटं बोलावं लागतं. साल तेच आहे, यंत्र तेच आहे, सगळं तुझ्या ओळखीचं आहे, असं सांगत राहायचं. एखाद्या उपकरणाचं उत्तर वेळेत नाही आलं तर थर त्या सालातली मागची उत्तरं काढून तीच देतोय. का? तर बिचारा घाबरू नये."

"म्हणून आईची उत्तरं येतात?"

"तसंच काहीतरी असणार," मुजावर म्हणाले. हे 'तसंच काहीतरी' फार महागात पडणार होतं, पण ते त्या वेळी दोघांनाही कळलं नाही.

"त्या सालातली आई मला ओळखणारच नाही," हेमांगी म्हणाली. "बाबा मला बघतात, सेतू आईला विचारतो, ही हेमा का? आई म्हणते, छे, हेमा शाळेत गेलीय. की मी पुसली जाते. रोज! मला एकदा, फक्त एकदा त्यांनी हेमा म्हणून हाक मारायला हवीय. दुसरं काही मागत नाही मी."

मुजावरांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि पडद्यावर कुमुदबाईंची जुनी रचना वर-खाली करत राहिले.

"हे बघा," शेवटी ते म्हणाले. "तुमच्या आईने पाहुण्या साक्षीची सोय ठेवलीय. घरात जवळचं माणूस आलं तर डोक्याला पट्टी बांधायची आणि नावानिशी आत जायचं. मग सेतू त्यालाही विचारतोय. आणि एक नियम घातलाय बाईंनी: ज्याच्याबद्दल प्रश्न, त्याचीच साक्ष शेवटची. हेमाबद्दल हेमा बोलली की तिथं आईचंही चालत नाही."

हेमांगीला हसू आलं. आईच ती!

दुपारी उन्हं खिडकीतून पलंगापर्यंत आली होती. शेजारच्या गुऱ्हाळावरून उकळत्या रसाचा वास येत होता. हेमांगीने साक्षीपट्टी कपाळाला बांधली, बाबांच्या शेजारच्या वेताच्या खुर्चीत बसली आणि मनातल्या मनात म्हणाली, मी हेमा. पट्टी किंचित थरथरली.

बाबांनी मान वळवली. आधी नेहमीचा परका, अदबशीर चेहरा. मग भुवया वर गेल्या.

"हेमा?" ते म्हणाले. "अगं... एवढी मोठी कधी झालीस? आणि हे केस? तेल लावत नाहीस वाटतं!"

ती हसली की रडली, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. तिने त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. बाबा विचारत सुटले. चित्रकलेत पास झालीस ना? हो. लग्न झालं? झालं बाबा. जावई चांगला आहे? हो, चांगला आहे. त्यांना प्रत्येक गोष्टीला हो हवं होतं, आणि तिनेही मागेपुढे न बघता हो म्हणून टाकलं. खरं तर जावयापासून ती कधीच वेगळी झाली होती.

"आता राहशील ना इथेच?" बाबांनी विचारलं. "आईलाही बरं वाटेल."

"हो बाबा. राहीन."

तास कसा गेला कळलं नाही. पहिल्याच दिवशी जास्त ताण नको, असं मुजावरांनी बजावलं होतं. ते खोलीच्या काचेच्या भिंतीपलीकडून खुणा करू लागले. हेमांगी उठली, वाकून पाया पडली.

"येते हं, बाबा," ती म्हणाली.

सेतूतून बाहेर पडायचा संकेतही तोच होता. आईने मुद्दाम तो शब्द ठेवला होता. येते म्हटलं की सेतू सुटायचा. हेमांगीने पट्टी उतरवली आणि ती इतकी हलकी होऊन घरी गेली की वाटेत तिने थांबून विनाकारण पावशेर पेढे घेतले.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊनच ती आत शिरली. बाबा बोलत होते. मजेत होते. शेजारच्या रिकाम्या वेताच्या खुर्चीकडे वळून हातवारे करत होते.

"बाबा!"

त्यांनी वर पाहिलं. "या, या. आपण कोणाकडे आलात?"

पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून तिने घाईघाईने पट्टी बांधली. मी हेमा, ती मनात म्हणाली. पट्टी थरथरली नाही. भिंतीवरच्या पडद्यावर ओळ उमटली: या नावाचा साक्षी आत आहे.

"कोण आत आहे?" ती ओरडलीच. "मी इथे बाहेर आहे!"

मुजावर धावत आले. तिला काचेपलीकडे नेऊन त्यांनी थराची नोंद उघडली आणि ओळीओळीने वर सरकू लागले. हेमांगी त्यांच्या खांद्यावरून बघत होती. काल दुपार: हेमा, येते. त्याच्यावर, मागच्या वर्षी, आई गेली त्या दिवशी: कुमुद, येते. वर्षभरात दोघांनीही ही नोंद किती वेळा वाचली असेल! कधी काही खटकलं नव्हतं. कुमुदबाई येते म्हणाल्या आणि गेल्या, यात खटकायचं काय?

मुजावर एकदम थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"रेगेबाई, या संकेतांचा तर्जुमा कुणी केला होता?"

"थराने आपणहून केला. शब्दकोशावरून."

"आणि शब्दकोशात येणे म्हणजे काय?"

हेमांगीने पडद्यावरची ती ओळ पुन्हा वाचली. येणे म्हणजे आगमन. घरातून निघताना जाते म्हणू नये, अभद्र असतं, येते म्हणावं, हे शब्दकोशात कुठे असणार? ते ज्याच्या त्याच्या घरात असतं. आईने ते जसंच्या तसं यंत्रात घातलं. नव्या प्रणालीने ते अक्षरशः घेतलं. आणि इतके दिवस हे दोघे नोंद वाचून निवांत होते, कारण वाचताना त्यांच्या कानाला तो निरोपच ऐकू येत होता.

"म्हणजे आई..."

"थराच्या हिशेबी तुमची आई गेलीच नाही. त्या दिवशी ती आली," मुजावर हळू आवाजात म्हणाले. "आत आहे, पण उत्तर देत नाही. म्हणून तो तिची मागची उत्तरं देत बसलाय. आणि काल तुम्हीही आलात. या दारातनं आत जाता येतं हो. बाहेर पडायचा शब्दच उरलेला नाही. निघायला म्हणून जो तोंड उघडेल तो आणखी आत."

हेमांगी काचेजवळ गेली. आत बाबा खुर्चीला सांगत होते, "राहणार म्हणालीस ना? मग झालं!" आणि उत्तर ऐकल्यासारखे हसले. कालच्या तासातलं तिचं प्रत्येक हो तिथे साठलेलं होतं. त्या हेमाला घटस्फोट नव्हता, नोकरी नव्हती, घरी जायची घाई नव्हती.

"त्या... त्या हेमाला काढता नाही येणार?"

"काढायचा संकेत एकच, येते. तो दिला की ती पुन्हा आत."

"मी दुसऱ्या नावाने जाते."

"जा की. पण मग हेमा म्हणून नाही, कुणी तिसरीच म्हणून. आणि एक माणूस दोनदा आत असू शकत नाही, हा चालकाचा पक्का नियम. हेमा आत आहे. मग समोर उभी आहे ती हेमा नव्हे, असंच उत्तर आतून येणार. सरळ हिशेब आहे."

"शब्दाचा अर्थ दुरुस्त करा मग!" ती चिडून म्हणाली. "एक ओळ तर बदलायची!"

मुजावरांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला.

"करतो. आत्ता करतो. पण थर सुरू होताना सगळी नोंद पहिल्यापासून वाचतो. आणि शब्दाला अर्थ एकच लागतो त्याला. तुमचं कालचं येते म्हणजे जाणं ठरलं, की कुमुदबाईंचंही जाणं ठरलं. जोडीदार गेला, की चालक बंद. तुमच्या वडिलांना मग हेमाही नाही, कुमुदही नाही, आणि स्वतःचं नावही नाही." त्यांनी कळफलकावरचा हात काढून घेतला. "तुम्ही सांगाल तसं. मी हात लावत नाही."

हेमांगीला त्या क्षणी आईचा राग आला. असा राग तिला आईच्या हयातीत कधी आला नव्हता. अभद्राला एवढं काय घाबरायचं? एक शब्द स्पष्ट लिहिला असता तर? मग तिला आठवलं, काल निघताना तिनेही बाबांना जाते म्हटलं नसतंच. कुणी डोक्याला बंदूक लावली असती तरी नसतं.

"मी एकदा आत जाऊन येते," ती म्हणाली. "मग सांगते काय करायचं."

पट्टी काढून टेबलावर ठेवून ती बाबांच्या खोलीत गेली. वेताच्या खुर्चीत बसायचं धाडस तिला झालं नाही. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

"काका, तुम्हाला इथे बरं वाटतं ना?"

"म्हणजे काय! न वाटायला काय झालं?" बाबा उत्साहाने म्हणाले. त्यांचा चेहरा इतका टवटवीत तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "आमची मंडळी इथेच आहे, मुलगी कालच आलीय. आता राहणार म्हणते. आपण उभ्या का? बसा ना."

ती बसली नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि ते तिने लपवलंही नाही. बाबा कावरेबावरे झाले. हात पुढे करून ते तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहू लागले. हनुवटीकडे, भुवयांकडे, पुन्हा डोळ्यांकडे.

"थांबा हं," ते पुटपुटले. "तुम्हाला मी कुठेतरी... फार जवळून..."

हेमांगी पुढे वाकली. काचेपलीकडे मुजावर खुर्चीतून उठून उभे राहिले.

बाबा रिकाम्या खुर्चीकडे वळले. "हेमा, बघ गं जरा. या बाईंना आपण ओळखतो का?"

त्यांनी मान कलती करून ऐकलं. मग त्यांचा हात हळूहळू मागे आला, आणि चेहऱ्यावर तो रोजचा अदबशीर परकेपणा परतला.

"माफ करा हं," ते म्हणाले. "नाही म्हणते ती."