काळ्याच्या बाजूने

"अहो, थांबवा तो तराजू!"

छत्री न मिटताच पूर्वा शनिवार पेठेतल्या दत्तोबांच्या रद्दीच्या दुकानात शिरली. तराजूत बुद्धिबळाची जुनी, कापडी बांधणीची पुस्तकं रचलेली! पलीकडच्या गल्लीत ती बुद्धिबळाचा क्लास घ्यायची, आणि असल्या पुस्तकांसाठी तिनं अप्पा बळवंत चौकातलं एकूणएक पुस्तकांचं दुकान पालथं घातलं होतं.

"पुस्तकं माझी आहेत," तराजूशेजारचा तरुण म्हणाला. "म्हणजे... काकांची. काका गेले, आणि माझ्याकडे जागा नाही."

"मग कुणाला तरी द्यावीत! लगदा करायला काय घालता?"

"चुकीची आहेत हो ती. एक डाव मांडून पाहिला मी. पहिल्याच चालीला काळ्याचं प्यादं पांढऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसतं. आणि आता मोबाईल सांगतो की सगळ्या चाली."

पूर्वाचं डोकंच सणकलं. पिशवीतला घडीचा पट काढून तिनं रद्दीच्या गठ्ठ्यावर आपटला आणि भराभर मोहरे मांडले.

"नाव काय तुमचं?"

"अभय. हिंजवडीला असतो, सॉफ्टवेअर—"

"ते कळलंच. जुन्या पुस्तकांत प्रत्येक खेळाडू आपापल्या बाजूनं घरं मोजतो. तुम्ही दोघांचीही पांढऱ्याकडूनच मोजलीत, आणि वर पुस्तकाला नावं ठेवताय!"

अभय पटाच्या पलीकडे गेला. तिथून मोजून त्यानं काळं प्यादं ठेवलं... ते बरोबर आपल्या घरात बसलं. त्याचे कान लालबुंद झाले. मग मात्र तो वाचत गेला आणि ती मोहरे हलवत गेली. तिच्या छत्रीचं पाणी त्याच्या बुटांत ठिबकत होतं, पण त्यानं पाय हलवला नाही.

"हा घोडा मागे का गेला?"

"खाली वाचा ना! मोबाईल नुसती चाल सांगतो, ती का, ते हा पुस्तक लिहिणारा माणूस सांगतो. घाई करू नका, बसून राहिलेल्या मोहऱ्याला आधी कामाला लावा. शंभर वर्षं झाली या पुस्तकाला, आजही लागू पडतं. पटाबाहेरसुद्धा!"

तो पुस्तकाकडे पाहतच नव्हता... तिच्याकडे पाहत होता. ते तिला आवडलं, आणि म्हणून आणखीच राग आला.

"दत्तोबा, पुस्तकं उतरवा," अभय हळूच म्हणाला.

"उतरवतो. पण हे दुकान आहे. डाव दुसरीकडे मांडावा."

तेव्हापासून दर रविवारी तो हिंजवडीची वाहतूक तुडवत एकेक पुस्तक घेऊन तिच्या क्लासवर येऊ लागला. दोघं डाव मांडायची, भांडायची, चहा गार करायची. पावसाळा संपला, थंडी आली, आणि एका रविवारी शेवटचं पुस्तकही संपलं. पूर्वानं ते मिटलं. आता हा येणार कशाला? आणि तो गृहस्थ मात्र शांतपणे प्यादी डबीत भरत होता!

"झालं? निघालात?" ती फणकारली.

त्याचा हात थांबला. "पूर्वा... मला तुम्ही आवडता."

"कधीपासून?"

"तुम्ही तराजू थांबवलात तेव्हापासून."

"आणि इतके रविवार तोंडाला कुलूप?"

"तुम्हीच म्हणालात ना... घाई करू नका. पटाबाहेरसुद्धा लागू पडतं."

"काही लागू पडत नाही!" पूर्वा कडाडली. आणि प्याद्यांसकट तिनं त्याचा हात घट्ट धरला.