दादाची कॅसेट

मिक्सरचं भांडं दुरुस्तीला टाकायला गेले होते, तर दुकानाच्या आतून ती धून ऐकू आली. तीनच सुरांची. त्या जुन्या व्हिडिओ गेमला एका वेळी तीनपेक्षा जास्त सूर झेपायचेच नाहीत. तलवार चालली की बिचारा एक सूर गप्प व्हायचा.

दुरुस्तीवाला टीव्हीकडे तोंड करून बसला होता. पडद्यावर नखाएवढा वीर भिंतीला धडका देत होता.

"विहिरीत उतरा," मी म्हणाले.

तो दचकून वळला. "काय?"

"त्या विहिरीतून रस्ता आहे. भिंतीवर कितीही डोकं आपटलंत तरी ती फुटायची नाही."

"दोन दिवस आपटतोय." त्याचे कान लाल झाले. "खेळातल्या त्या म्हाताऱ्याला विचारावं, तर तो एकच वाक्य घोकतोय."

"त्याला एकच दिलंय... जास्त बोलायला कॅसेटमध्ये जागा कुठे होती?"

तो हसला. मला वाटतं, तेव्हाच — नाही, तेव्हा नाही. तेव्हा मी नुसती पावती घेऊन निघाले.

पुढच्या मंगळवारी, लॅबमध्ये सकाळभर लोकांचं रक्त काढून झाल्यावर, मी त्याच खेळाची, दादाची कॅसेट घेऊन गेले. दादाला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याचा खेळ आत तसाच होता, त्यानं थांबवला तिथंच. बर्फाच्या गावात, खाटेशेजारी उभा असलेला वीर. नावाला इंग्रजी चारच अक्षरं मावायची, म्हणून त्यानं स्वतःचंच 'दादा' लिहून टाकलेलं. त्याचे कपडे आईनं देऊन टाकले होते. माझ्याकडे एवढंच उरलं होतं.

दुरुस्तीवाल्यानं कॅसेट उघडली. "हा नाण्याएवढा सेल सगळं लक्षात ठेवतो. संपत आलाय. आणि नुसता काढला, तर सगळं पुसलं जाईल."

"मग?"

"काढताना बाहेरून दुसरा जोडून ठेवायचा. वीज क्षणभरही तुटता कामा नये. जमेल मला... पण सेल मागवावा लागेल."

सेल काही येईना. मी दर मंगळवारी चौकशीला जायचे आणि तासभर बसायचे. बाहेर दिवसेंदिवस मळभ, आत सोल्डरिंगचा वास, आणि त्याचा तो रडतखडत चाललेला खेळ.

"राजकन्येला सोडून आधी बाजारात कुठे निघालात?"

"ती कुठे जातेय? आठवडाभर त्याच खिडकीत उभी आहे."

"कंटाळली असेल."

"तुम्ही कंटाळता?" त्यानं पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

तास केव्हाच होऊन गेला होता. पण मी उठले नाही.

सातव्या मंगळवारी त्यानं सेल बदलला. श्वास रोखून, दोन बारीक वायरी सांभाळत. कॅसेट लावली, टीव्ही उजळला आणि बर्फात दादा उभा होता. माझे डोळे भरून आले.

"आता तुम्हीच बंद करा," तो म्हणाला. जणू मान देत होता.

मी बटण दाबलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"रिसेट दाबून धरलं होतंत ना?"

ते खेळ बंद करताना आधी रिसेट दाबून धरायचं असतं. नाहीतर वीज जाताजाता झटका बसतो आणि जपलेला खेळ पुसला जातो. खेळणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. मला नव्हतं. बंद करायचं काम कायम दादाचं. मला तो त्या बटणाला हात लावू द्यायचा नाही. आणि ह्याला वाटलं, जिला विहीर माहीत तिला हेही माहीत असणार.

पुन्हा चालू केलं. खेळ जपायच्या तिन्ही जागा रिकाम्या.

"चूक माझी," तो म्हणाला. मी कॅसेट उचलली आणि घरी गेले. महिनाभर त्या रस्त्याला फिरकले नाही.

मग एके दिवशी गेले. दुकानातला टीव्ही बंद होता, त्यावर धूळ साचलेली.

"एक सांगायचं राहिलंय," तो खाली बघत म्हणाला. "सेल पहिल्याच आठवड्यात आला होता. काम झालं की तुम्ही यायच्या थांबाल, म्हणून... बोललो नाही. तेव्हाच केलं असतं, तर नवं गिऱ्हाईक म्हणून बंदही मीच करून दिलं असतं."

"खणातलं सेलचं पाकीट मी पाहिलं होतं," मी म्हणाले. "तिसऱ्या मंगळवारी."

"मग विचारलं का नाहीत?"

"तुम्ही सांगितलं नाहीत, त्याच कारणासाठी."

ह्याहून सरळ कबुली आयुष्यात मला कुणी दिली नव्हती, मी कुणाला दिली नव्हती. आणि आनंद म्हणाल, तर दोघांच्याही तोंडावर नव्हता.

"मी परत तिथपर्यंत खेळून देतो," तो हळूच म्हणाला. "तेच नाव, तेच गाव, तीच खाट."

"तो तू असशील. दादा नाही." त्याला 'तू' म्हणाले, हे नंतर कळलं.

"मग मी काय करू?"

"ऐक."

मी काउंटरची फळी उचलून आत गेले, त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसले. दोन वर्षांत घरात दादाचं नाव कुणी काढलं नव्हतं. हरला की तो रिमोटची वायर सैल आहे म्हणायचा, ते सांगितलं. शेवटच्या महिन्यात त्याच्या बोटांत खेळण्याइतका जोर राहिला नव्हता. मी खेळायचे आणि तो उशीवरून ओरडायचा, "पळ ना गं, मारतील तुला," ते सांगितलं.

त्यानं बाटलीचं झाकण काढून पाणी पुढे केलं. दारात कुणीतरी इस्त्री घेऊन उभं राहिलं.

"उद्या या," त्यानं सांगितलं. "आज दुकान बंद आहे."

आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "हं... मग पळालीस?"