अडीच सेकंदांचा खुळखुळा

खुळखुळा हलवला की आवाज येतो. मग निहार तो टाकून का देतो?

चंद्रावरच्या तुंगी वसाहतीत ऊर्मी दहा दिवस हाच विचार करत होती. तिचा आठ महिन्यांचा भाऊ खुळखुळा एकदाच हलवायचा, गप्प व्हायचा आणि सोडून द्यायचा. मागाहून खुळखुळ्यातून घंटेचा आवाज यायचा, तोवर त्याने मान फिरवलेली असायची. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, सोमवारपर्यंत असंच राहिलं तर बाळाला आणि आईला तपासण्यांसाठी पृथ्वीवर पाठवावं लागेल. ऊर्मी बाबांबरोबर इथेच राहणार. वर्षभर.

तीन महिन्यांपूर्वी पृथ्वीवर आजी वारली, तेव्हापासून आई कमीच बोलायची. बोललीच तर वाक्य संपल्यावर उगाच थांबायची, उत्तर लांबून यायचं असल्यासारखी.

"खार, हा खुळखुळा बिघडलाय का?" ऊर्मीने घरातल्या यंत्रमानवाला विचारलं.

"मुळीच नाही. त्यातला संवेदक (हालचाल ओळखणारा भाग) पृथ्वीवरच्या संगणकाला कळवतो. तो तीनशे आवाजांतून एक निवडून पाठवतो."

"तीनशे कशाला? त्याला एक तरी ऐकू दे. किती वेळ लागतो?"

"पृथ्वी सुमारे तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरवर आहे. रेडिओलहरी सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातात. जाऊन-येऊन अडीच सेकंद."

ऊर्मीला आजीचे फोन आठवले. काही विचारलं की थांबायचं, मग आजी हसायची. "आम्हाला ठाऊक होतं म्हणून आम्ही थांबायचो. निहारला कुणी सांगितलंय?"

खार म्हणाला, "खरं आहे. बाळाच्या मेंदूत मज्जापेशी (निरोप पोचवणाऱ्या पेशी) एकमेकींशी जोडल्या जात असतात. हात हलला आणि लगेच आवाज आला, असं पुनःपुन्हा घडलं की हात आणि कान यांची जोडणी पक्की होते. अडीच सेकंदांनी आलेला आवाज निहारच्या लेखी दुसऱ्याच कुणाचा."

ऊर्मी आईकडे गेली. "आजीने शेवटच्या फोनवर तुला खेळणी सांगितली होती ना?"

आईने बऱ्याच वेळाने कपाट उघडून वही काढली. आत आईचंच घाईचं अक्षर होतं. पारदर्शक बाटली, मूठभर मसूर, झाकण डिंकाने घट्ट. जाडंभरडं पोतं, मऊ सुती चिंधी. दालचिनीची पुरचुंडी. शेजारी बसणे.

"मी हसले होते तिला," आई म्हणाली. "म्हटलं, चंद्रावर कसली मसूर."

मसूर हरितगृहात होतीच. डिंक वाळायला एक दिवस गेला. मग निहारने बाटली हलवली. चंद्रावर वजन सहापट कमी, त्यामुळे दाणे वर उडाले आणि सावकाश खाली आले. आवाज मात्र त्याच क्षणी झाला. निहार थबकला. त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. पुन्हा हलवली.

सोमवारी डॉक्टरबाईंनी बाटली मागितली तर तो सोडेना. "राहू दे इथेच," त्या म्हणाल्या. बाटलीला की बाळाला, हे ऊर्मीने विचारलं नाही.

ती वहीत पुढची ओळ लिहायला बसली. मंगळावर तर निरोप पोचायला कधी कधी वीस मिनिटं लागतात.

"मंगळावर जाणाऱ्या बाळांसाठी मसूर न्यावी," तिने मोठ्याने वाचलं.

"आणि डिंक," आई लगेच म्हणाली.